क्षेत्र सभेत वस्तीचा आवाज कोठे आहे?

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. काही महापालिकांची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. एवढा काळ नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही, प्रभाग समिती नाही. प्रशासक म्हणून बसलेला एक सनदी अधिकारी सांगेल तेच अंदाजपत्रक आणि तो करील तोच रस्ता, असा कारभार चालला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कोठे मतपेट्या हलल्या. आता नगरसेवक आले, महापौर आले, हारतुरे झाले. आमचा प्रश्न हारतुऱ्यांच्या नंतरचा आहे. मत दिलेल्या वस्तीला पुढची पाच वर्षे पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडण्याची जागा कोणती? आणि ती जागा कायद्याने दिलेली असेल, तर आपण तेथे जातो काय?

जागा आहे, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. १९९२ साली संसदेने ७४वी घटनादुरुस्ती केली आणि ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने संविधानात बारावे परिशिष्ट घातले. त्यात नगरपालिकांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, आरोग्य व घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन, दफनभूमी व स्मशानभूमी हे त्यातले विषय. समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हाही त्यातलाच एक विषय आहे. म्हणजे आपली वस्ती हा पालिकेच्या दयेचा विषय नाही, तो तिच्या कामाच्या यादीतला विषय आहे. याच घटनादुरुस्तीच्या कलम २४३-एस ने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीवर त्या भागातले नगरसेवक आणि प्रभागाचा अधिकारी असतोच. त्याशिवाय त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. या तीन जागांवर गेल्या तीस वर्षांत आपल्या किती संस्थांनी दावा सांगितला, याचा हिशेब प्रत्येक शहरातील कार्यकर्त्यांनी स्वतःशीच करावा.

त्याच्याही खाली एक पायरी आहे. २००५ साली केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आणली. पैसा हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी तिची एक अट होती. म्हणून २००९ साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्र सभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र, त्या क्षेत्रातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. खेड्याला ग्रामसभा, तशी शहराला क्षेत्र सभा. नियमित सभा न घेणाऱ्या नगरसेवकाच्या पदावरही गदा येऊ शकते, असा धाक कायद्यात आहे. पण हा धाक कोणी कोणाला घातला? केंद्राचा पैसा मिळाला, कायदा पुस्तकात गेला आणि बहुतेक शहरांत सभा भरलीच नाही. ग्रामसभा निदान भांडणासाठी तरी भरते. क्षेत्र सभा हा शब्दच आपल्या वस्तीतील दहांपैकी नऊ जणांनी ऐकलेला नाही.

ही सभा भरत नाही याचा अर्थ अधिकारी कोणालाच भेटत नाहीत, असा मात्र नाही. ते भेटतात. पण कोणाला भेटतात? मुंबईत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एएलएम नावाची पद्धत सुरू झाली. गल्लीतल्या सोसायट्यांनी एकत्र यायचे, कचऱ्याचे वर्गीकरण करायचे आणि त्या निमित्ताने वॉर्ड ऑफिसच्या अधिकाऱ्यांबरोबर नियमित बैठका घ्यायच्या. काम चांगले होते, त्याविषयी आमची तक्रार नाही. त्याच महापालिकेने झोपडपट्ट्यांसाठी मात्र दत्तक वस्ती योजना आणली. तीत वस्तीतल्याच संस्थेने मानधनावर माणसे नेमून वस्ती झाडून घ्यायची. फरक नीट पाहावा. सोसायटीला अधिकाऱ्याच्या टेबलासमोरची खुर्ची मिळाली आणि वस्तीला झाडू मिळाला. दोघेही त्याच शहराचे मतदार. एकाचा सहभाग म्हणजे बोलणे आणि दुसऱ्याचा सहभाग म्हणजे राबणे. चातुर्वर्ण्याने विद्या एकाला आणि सेवा दुसऱ्याला वाटून दिली होती. महापालिकेच्या योजनांतही तीच वाटणी नव्या नावाने आली, असे आम्ही म्हटले तर कोणाला राग येऊ नये.

बैठकीत जो बसतो त्याचेच प्रश्न शहराचे प्रश्न ठरतात. वाहने कोठे लावायची, पदपथावरचे फेरीवाले कधी हटवणार, उद्यानाच्या भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांचे काय करणार, हे विषय इतिवृत्तात जातात. फेरीवाला आपल्यातला असतो, झोपडीही आपली असते. आपण तेथे नसतो आणि आपल्याविषयी ठरते. बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला, तो याच अनुभवातून. अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व नसेल तर गावाच्या हाती दिलेली सत्ता म्हणजे गावातल्या बलवानाच्या हाती दिलेली सत्ता, हे त्यांनी ओळखले होते. स्थानिक म्हटले की ते आपोआप लोकशाहीचे होत नाही. शहरातल्या मोहल्ला बैठकीलाही ही कसोटी लावली पाहिजे. तेथे सर्वांना बोलावले होते काय, यावर थांबून चालणार नाही. शेवटच्या गल्लीतली बाई तेथे बोलली काय आणि तिचे बोलणे लिहून घेतले काय, हे विचारले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात कोणत्याही प्रभागाच्या बैठकीत चेंबर तुंबल्याची तक्रार येते. तक्रार खरी असते. घाण पाणी घरात शिरते तेव्हा माणूस चिडतो. अधिकारी चोवीस तासांत निपटारा करण्याचे आश्वासन देतो, सभा टाळ्या वाजवते. पण तो निपटारा होतो कसा? यंत्र आले नाही, किंवा गल्लीत शिरले नाही, की कंत्राटदाराचा माणूस दोर बांधून खाली उतरवला जातो. तो माणूस कोणत्या वस्तीतला असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या म्हटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. कायदा आहे, निकाल आहे, तरीही माणसे मरतात. कारण ज्या बैठकीत चेंबर उपसण्याचा आग्रह धरला जातो, त्या बैठकीत यंत्राने उपसा, माणूस उतरवू नका, हे सांगणारा कोणी नसतो. आपण तेथे असतो तर तक्रारीच्या पुढची ती ओळही इतिवृत्तात गेली असती. आणि उद्या दुर्घटना झालीच, तर अधिकाऱ्याला पूर्वसूचना होती याचा तोच पहिला पुरावा ठरला असता. सभेला न जाण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

आता काही जण म्हणतील, आपण जातच नाही असे कसे म्हणता? आपले कार्यकर्ते रोज निवेदने देतात. देतात, हे खरे आहे. वर्तमानपत्रांची पाने त्या छायाचित्रांनी भरलेली असतात. मध्ये अधिकारी, दोन्ही बाजूंना निळे उपरणे घातलेले पंधरा जण आणि सगळ्यांचा हात एका कागदाला लागलेला. छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. कागदाचे पुढे काय झाले, हे मात्र छापून येत नाही. आमच्या वकिलीच्या वर्षांत अनेक वस्त्यांचे लोक पाडकामाची नोटीस किंवा तोडलेल्या नळाचे प्रकरण घेऊन आले. पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो की, यापूर्वी लेखी काय दिले होते आणि त्याची पोच कोठे आहे? बहुतेकांकडे छायाचित्र असते, पोच नसते. साहेबांनी तोंडी शब्द दिला होता, असे सांगतात. न्यायालयात साहेबांचा तोंडी शब्द उभा करता येत नाही. आवक क्रमांक घातलेला चार ओळींचा अर्ज मात्र उभा राहतो.

कागदाचे मोल आणि कागदाची मर्यादा, दोन्ही आपल्याला महाडने शिकवली आहेत. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत ते पाणी आले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने भिऊन आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सनातनी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. बाबासाहेबांनी न्यायालयाच्या मनाईचा मान राखून दुसऱ्या वेळी तळ्यावर जाणे थांबवले आणि दहा वर्षे खटला लढवला. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही, म्हणून तो निकाल आपल्या बाजूने लागला.

आम्ही वकील म्हणून या इतिहासाकडे पाहतो तेव्हा दोन गोष्टी दिसतात. माणसे मागे नसतील तर ठराव मेलेला असतो. आणि कागद, पुरावा, तारीख हातात नसेल तर चालत गेलेल्या माणसांनाही मागे रेटता येते. बाबासाहेबांनी मोर्चा आणि मिसल, दोन्ही सांभाळले. आपण बहुतेक वेळा त्यातला मोर्चा घेतला आणि मिसल सोडून दिली. महाड हा नगरपालिकेच्या एका ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झालेला लढा होता, हे दरवर्षी २० मार्चला अभिवादन करताना आठवावे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे क्षेत्र सभा मागावी. आपल्या नगरसेवकाला लेखी पत्र द्यावे की, कायद्याप्रमाणे सभा बोलवा. त्याची प्रत सहायक आयुक्तांना द्यावी आणि दोन्हींची पोच घ्यावी. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात अनेक नगरसेवक आहेत. तेथे प्रत्येकाला वेगळे पत्र द्यावे, कारण चौघांचे काम ते कोणाचेच काम नाही. सभेची वेळही मागून घ्यावी. कामाच्या दिवशी सकाळी अकराला भरणारी सभा ही नाका कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला, सफाई कामगाराला दार बंद केलेली सभा आहे. त्यांना सभेसाठी रोज बुडवावा लागतो. रविवारी संध्याकाळी, वस्तीतल्या समाजमंदिरात सभा घ्या, ही मागणी किरकोळ नाही. सभेला कोण येऊ शकेल, हे तिच्या वेळेवरच ठरते.

दुसरी गोष्ट, सभेपूर्वी वस्तीची बैठक झाली पाहिजे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास यासाठी काढावा. दहा प्रश्न नेले तर एकही नोंदला जात नाही. दोन नेले तर दोन्ही नोंदवून घेता येतात. पाणी येत नाही, एवढे म्हणून अधिकारी हलत नाही. कोणत्या गल्लीत, किती घरांना, किती वाजता, किती मिनिटे पाणी येते, हे आठवडाभर वहीत लिहून न्यावे. ही वही बायकांच्या हाती द्यावी, कारण नळावर त्या उभ्या असतात. सभेतही त्यांनीच बोलावे. सार्वजनिक शौचालयाचे दार तुटले आहे, दिवा नाही, हे वस्तीतला पुढारी एका वाक्यात सांगून मोकळा होतो. रात्री दहा वाजता मुलीला घेऊन तेथे जाणारी आई ते वेगळ्या तऱ्हेने सांगते आणि अधिकाऱ्याला मान वर करून ऐकावे लागते.

तिसरी गोष्ट, सभा संपण्यापूर्वी तीन गोष्टी वदवून घ्याव्यात. काम कोणाकडे, केव्हापर्यंत, आणि पैसा कोणत्या शीर्षाखाली. पाहतो, करतो, वर कळवतो, हे उत्तर नव्हे. इतिवृत्ताची प्रत मागावी. मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढाही खर्च नाही. शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे संविधान दिनी, एक निर्णय काढला. त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकाला कागदपत्रे पाहता येतात. प्रत्येक वस्तीतून कॉलेजला जाणारी दोन मुले महिन्यातून एक सोमवार या कामासाठी देऊ शकत नाहीत काय?

येथे एक फरक समजून घ्यावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाला पुष्कळ लोक सामूहिक प्रश्न घेऊन जातात आणि हात हलवत परततात. लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच घेतली जाते. एखाद्याचा दाखला अडला, एखाद्याची नोंद चुकली, तर त्याने तेथे जावे. साऱ्या वस्तीच्या नाल्याचा, नळाचा, स्मशानाच्या रस्त्याचा प्रश्न क्षेत्र सभेत, प्रभाग समितीत आणि अंदाजपत्रकातच सुटतो. अंदाजपत्रकाची वेळही ओळखली पाहिजे. मुंबईत आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाजपत्रक मांडतात. जूनमध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहून मागितलेला नाला त्या वर्षी बांधला जात नाही. तो दिवाळीपूर्वी मागावा लागतो. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी कामे सुचवण्याची पद्धत सुरू केली. तेथेही जो मुदतीत अर्ज भरतो, त्याचेच काम विचारात घेतले जाते.

तुमची वस्तीच अनधिकृत आहे, तुम्ही कशाला बोलता, असे अधिकारी म्हणेल. तेव्हा गप्प बसू नये. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला. पाणी हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणाने माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही, असे त्यात म्हटले. नळ मिळाला म्हणून जागेचा हक्क मिळत नाही, हेही खरे. पण तहान लागायला पुराव्याचे वर्ष लागत नाही, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली आहे. सभेत हा निकाल वर्षासह सांगावा. सांगणाऱ्याचा आवाज चढलेला नसला तरी चालेल.

आवाजाविषयीही बोलले पाहिजे. अधिकाऱ्यासमोर आपले लोक दोन टोकांना जातात. काही जण हात जोडून दयेची याचना करतात, काही जण टेबलावर हात आपटतात. पहिल्याचे काम होत नाही आणि दुसऱ्यावर गुन्हा दाखल होतो. सरकारी कामात अडथळा आणल्याचे जे कलम पूर्वी ३५३ होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झाले. आकडा बदलला, कार्यकर्त्याविरुद्ध त्याचा वापर करण्याची सवय बदलली नाही. कोर्टाच्या तारखा करण्यात आयुष्य घालवणारी तरुण मुले आम्ही पाहतो, तेव्हा वाटते की याच मुलांनी त्या दिवशी एक कागद नेला असता तर अधिकारी अडचणीत आला असता, ही मुले नव्हे. समोरचा अधिकारी आपला मालक नाही आणि शत्रूही नाही. तो संविधानाने बांधलेला नोकर आहे. तसेच त्याच्याशी बोलावे.

राखीव जागांवर निवडून आलेल्या आपल्या नगरसेवकांनाही दोन शब्द. ही जागा पक्षाने दिलेली नाही. तिच्यामागे बाबासाहेबांचा आणि हजारोंचा लढा आहे. तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत आपल्या क्षेत्रात सभा घेतली नाही, तर वस्तीने ती का मागू नये? आणि सभा झालीच, तर व्यासपीठावर तुमच्या फलकापेक्षा मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचले जावे. काय ठरले होते, काय झाले, काय झाले नाही, एवढे तीन रकाने पुरेत.

मत पाच वर्षांतून एकदा देता येते. पालिका मात्र रोज निर्णय घेते. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला लाखोंनी एकत्र येणारा समाज आपल्या प्रभागाच्या सभेला पन्नास माणसे पाठवू शकत नाही, असे आम्हाला वाटत नाही. तेवढी पन्नास माणसे, एक वही आणि पोच घेतलेला एक अर्ज घेऊन आपल्या वस्तीने या महिन्यात सुरुवात करावी. जयभीम.